बॉट आला, पण हेलपाटे गेले का?

फोन हरवला. सिम बंद करायचं म्हणून घरातल्या दुसऱ्या फोनवर कंपनीचं ॲप उघडलं. ॲप म्हणतं, ‘नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.’ तो क्रमांक तर चोराच्या खिशात! कस्टमर केअरला फोन लावावा, तर तिथला रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, ‘कृपया आपल्या नोंदणीकृत क्रमांकावरून संपर्क साधा.’ ॲप देखणं असतं, त्यावर पैसाही बक्कळ ओतलेला असतो. ते उघडताना माणूस कोणत्या अडचणीत असेल, हा विचार मात्र ते बनवताना राहून गेलेला असतो.

टेलिकॉममधल्या ग्राहक सेवेत गेल्या पंधरा वर्षांत नवं पुष्कळ आलं: ॲप, चॅटबॉट (माणसाऐवजी आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, थोडक्यात बॉट), व्हॉट्सॲपवरची मदत, घरबसल्या सिम, ई-सिम. यातल्या कशामुळे ग्राहक खूश होतो आणि कशामुळे वैतागतो, हे समजायला आधी या धंद्याचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. फोन नीट चालतो तेव्हा त्याची कुणी दखल घेत नाही. नळाला पाणी आलं म्हणून कुणी महापालिकेला आभाराचं पत्र लिहितं का? तसंच हे. कंपनीशी संबंध येतो तो काहीतरी बिघडल्यावरच. त्यामुळे इथे समाधान म्हणजे आनंद वगैरे नव्हे. बिघडलेलं किती खेपांत सुरळीत झालं, त्याचा हिशोब म्हणजे समाधान. अभ्यासकांनीही २०१० च्या सुमारास ‘कस्टमर एफर्ट स्कोअर’ नावाचं मोजमाप पुढे आणलं. काम करून घ्यायला ग्राहकाला किती खटाटोप करावा लागला, एवढंच ते विचारतं. मराठीत त्याला हेलपाट्यांचा आकडा म्हणावं.

नवी सोय आली की एकच तपासायचं: हेलपाटे कमी झाले, की कंपनीकडचं काम ग्राहकाच्या गळ्यात पडलं?

रांगेचं गणित

कॉल सेंटरमध्ये ताटकळावं का लागतं, याचं उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला. १९१७ मध्ये त्याने रांगेची सूत्रं मांडली. कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची हे आजही त्याच सूत्रांवर ठरतं, आणि वर्दळ मोजण्याच्या एककालाही त्याचंच नाव आहे.

समजा, अर्ध्या तासात १०० कॉल येतात आणि प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटं लागतात. म्हणजे ३०० मिनिटांचं बोलणं ३० मिनिटांत उरकायचं. त्यासाठी निदान १० माणसं सतत गुंतलेली राहणार. म्हणून १० माणसं बसवली, तर रांग कधी संपणारच नाही, वाढतच जाईल. कारण कॉल काही शिस्तीत, दर १८ सेकंदांनी एक असे येत नाहीत. झुंडीने येतात, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा झुंड. शांततेत वाया गेलेला वेळ परत मिळत नाही.

११ माणसं बसवली तर सरासरी सुमारे १२३ सेकंद थांबावं लागतं. १२ केली की ४० सेकंद. १३ केली की १७ सेकंद. दोनच माणसं वाढली आणि ताटकळणं सात पटींनी घटलं. उलट्या बाजूनेही तेवढाच झटका बसतो. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकदम उठले, तर तेवढ्यात रांग एकदम फुगते.

आता यात बॉट आणू. बॅलन्स किती, प्लॅन कधी संपतो, बिलाची प्रत पाठवा, पीयूके (लॉक झालेलं सिम उघडायचा कोड) सांगा, असे सोपे कॉल बॉट घेतो. १०० पैकी ४० कॉल असे आहेत, असं धरू. ‘४० टक्के कॉल कमी झाले’ असा तक्ता मीटिंगमध्ये झळकतो, आणि लगेच प्रश्न येतो, मग १३ माणसं कशाला हवीत? ८ पुरेत की!

गडबड इथेच होते. गेले ते ४० कॉल सोपे होते, दीड-दीड मिनिटाचे. म्हणजे सगळे मिळून ६० मिनिटं. राहिलेले ६० कॉल किचकट, प्रत्येकी ४ मिनिटांचे. म्हणजे २४० मिनिटं. कॉल ४० टक्के घटले, पण काम ३०० मिनिटांवरून २४० वर आलं, म्हणजे फक्त २० टक्के घटलं. २४० मिनिटांच्या कामाला अर्ध्या तासात निदान ८ माणसं सतत गुंतलेली हवीत. ८ च बसवली तर पुन्हा तेच, रांग संपणार नाही. पूर्वीसारखं १७-२० सेकंदांत उत्तर मिळायला ११ माणसं लागतात. बॉटने वाचवलेली माणसं दोन. पाच नव्हेत.

त्यातही बॉटकडे गेलेल्या ४० पैकी १० जणांचं काम झालं नाही, असं समजा. ते चिडून फोन करणार, आधी काय घडलं ते सगळं सांगणार, म्हणजे पाच-पाच मिनिटं जाणार. ५० मिनिटं परत आली. एकूण काम २९० मिनिटं. एवढा खर्च करून बचत १० मिनिटांची, आणि वर दहा चिडलेली माणसं.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशोबाची रीत खरी आहे. बॉट आणल्यावर ‘आमचं कस्टमर केअर आता लागतच नाही’ असं लोक का म्हणतात, त्याचं मुख्य कारण हेच. बॉट नालायक असतो असं नाही. त्याच्या भरवशावर माणसं वाजवीपेक्षा जास्त कमी केलेली असतात.

दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था ट्राय हिचा निकष सांगतो की माणसाशी बोलायचा पर्याय निवडल्यावर निदान ९५ टक्के कॉलना ९० सेकंदांत माणसाचा आवाज ऐकू यायला हवा. निकष चांगला आहे, पण त्यात एक पळवाट राहते. घड्याळ सुरू होतं ते तो पर्याय दाबल्यावर. त्याआधी ‘मराठीसाठी अमुक दाबा’, मग नव्या प्लॅनची जाहिरात, मग पाच पर्याय, त्यात आणखी चार. एक पर्याय वाचून दाखवायला चार सेकंद धरले, तर तीन पायऱ्या उतरेपर्यंत मिनिट जातं, आणि ते कुठल्याच निकषात मोजलं जात नाही. ग्राहकाच्या डोक्यातलं घड्याळ मात्र नंबर फिरवल्यापासून चालू असतं.

बॉट चांगला कधी

बॉटच्या उत्तरांइतकाच बॉटकडून माणसाकडे जाण्याचा सांधा महत्त्वाचा असतो. पैसे कापल्याचा वाद, घरातल्या मयत व्यक्तीच्या नावावरचं सिम, फक्त स्वयंपाकघरात न येणारी रेंज, ही कामं बॉटची नव्हेतच. दोन प्रयत्नांत समजलं नाही तर त्याने स्वतःहून बाजूला व्हावं. बाजूला होताना आतापर्यंतचं सगळं बोलणं, नंबर, तक्रार क्रमांक माणसाच्या स्क्रीनवर टाकावं. परीक्षा सोपी आहे: एका तक्रारीत ग्राहकाला स्वतःचा मोबाइल नंबर कितीदा सांगावा लागला? एकदा, तर सेवा बरी. तीनदा, तर आतल्या यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत, आणि त्यांच्यातला निरोप्या म्हणून ग्राहकच राबतो आहे.

भाषेचाही घोळ असतो. मेनू मराठीत केला म्हणजे बॉटला मराठी आली असं होत नाही. बटणावर लिहिलेलं असतं, ‘शिल्लक रक्कम जाणून घेण्यासाठी येथे क्लिक करा.’ माणूस लिहितो, ‘रिचार्ज मारला पण नेट चालू नाय झालं’, ‘दहा रुपये कशाचे कापले’, ‘घरात रेंजच नाही’. तीच वाक्यं कुणी रोमन लिपीत टाइप करतो, कुणी व्हॉइस मेसेज टाकतो. बॉटला शिकवायला हवी ती ही मराठी, आणि ती कंपनीकडेच असते, जुन्या कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये. ती न वापरता हिंदी वाक्यांचं भाषांतर चढवलं की बॉट प्रत्येक प्रश्नाला नवे प्लॅन दाखवतो आणि शेवटी म्हणतो, ‘आपला दिवस शुभ असो.’

मोजमाप चुकलं की सेवा बिघडते

कॉल संपताच एसएमएस येतो: एक ते पाच गुण द्या. तक्रार सुटली की नाही हे त्या क्षणी ग्राहकाला कळलेलंच नसतं. मुलगी गोड बोलली, म्हणून तो पाच देतो. तीन दिवसांनी नेट बंदच असतं, पण गुण जमा झालेले असतात. हाच प्रश्न सात दिवसांनी विचारला तर उत्तर वेगळं येईल.

त्याहून मोठी खोट ‘सरासरी कॉल वेळे’च्या दट्ट्यात आहे. कॉल चार मिनिटांत संपव असं बजावलं की एजंट तक्रार सोडवण्यापेक्षा कॉल सोडवतो. ‘टेक्निकल टीमला कळवलं आहे, २४ तासांत होईल.’ फोन ठेवला, एजंटचा आकडा सुंदर. गुरुवारी ग्राहक पुन्हा फोन करतो तेव्हा नवा तक्रार क्रमांक मिळतो, म्हणजे कागदावर दोन वेगळ्या तक्रारी, दोन्ही वेळेत ‘सोडवलेल्या’. खरं काय चाललंय ते पाहायला एकाच मोबाइल नंबरवरून सात दिवसांत कितीदा संपर्क झाला ते मोजावं. हा आकडा लपवायला अवघड असतो, म्हणूनच बहुधा तो वार्षिक अहवालात दिसत नाही.

भारतात खरोखर फरक पडला तो कशाने

इथे एक गंमत आहे. ग्राहकाचे हेलपाटे सर्वांत जास्त वाचवले ते वरकरणी नीरस वाटणाऱ्या बदलांनी, आणि त्यातले बरेचसे कंपन्यांनी नव्हे, नियमाने आणले.

पहिला बदल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा. ही सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर. ३ जुलै २०१५ पासून सर्कल, म्हणजे टेलिकॉम सेवेसाठी आखलेला विभाग, ओलांडूनही नंबर नेता येतो. पद्धत छोटी आहे: इंग्रजीत ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. सर्कल तीच असेल तर कामकाजाचे तीन दिवस, वेगळी असेल तर पाच. पुण्याहून नागपूरला गेलात तर सर्कल बदलत नाही, पणजीला गेलात तरी नाही, कारण गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो. मुंबईहून पुण्याला गेलात तर मात्र बदलते, कारण मुंबईची सर्कल वेगळी.

१६ डिसेंबर २०१९ पासून यात बारीक पण मोलाची सुधारणा झाली. पूर्वी कोड मिळायचा, सगळी धावपळ व्हायची आणि शेवटी अर्ज फेटाळला जायचा: बिल बाकी आहे, या कंपनीत येऊन ९० दिवस झाले नाहीत. आता या अटी आधीच तपासल्या जातात आणि पात्र असाल तरच कोड निघतो. नकार द्यायचाच तर पहिल्याच पायरीवर, कारणासह. चांगली सेवा म्हणजे नेहमी होकारच असं नाही. वेळेत मिळालेला नकारसुद्धा हेलपाटा वाचवतो.

दुसरा बदल फुकट गेलेल्या पैशांचा. एके काळी कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेटचे स्कोअर आपोआप चालू व्हायचे आणि बॅलन्समधून पैसे जायचे. २०१३ मध्ये ट्रायने दुहेरी होकाराची अट घातली: ग्राहकाने दोनदा ‘हो’ म्हटल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही. बंद करायला १५५२२३ हा नि:शुल्क क्रमांक ठेवला. यात तंत्रज्ञान म्हणाल तर फारसं काही नाही, पण हा घाव तक्रारीच्या मुळावर होता.

आणि तिसरं म्हणजे सिम. १ जानेवारी २०२४ पासून नव्या सिमसाठी कागदी अर्ज बंद झाला, सगळी ओळखपडताळणी डिजिटल झाली. फोटो, दोन झेरॉक्स आणि ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ यातलं निदान झेरॉक्सचं प्रकरण संपलं.

फोन करायच्या आधीच उत्तर

घरच्या फायबर ब्रॉडबँडमध्ये सुधारणेला सर्वांत जास्त वाव आहे. घरातल्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला, म्हणजे प्रकाश आत पोचत नाही: केबल तुटली आहे, जास्त वाकली आहे किंवा सांध्यात धूळ आहे. हीच माहिती कंपनीच्या यंत्रणेलाही मिळते. घरापर्यंत येणारा प्रकाश डीबीएम या प्रकाशाच्या ताकदीच्या मापात साधारण उणे १५ ते उणे २५ दरम्यान असला तर ठीक. उणे २७ च्या खाली गेला की जोडणी डगमगू लागते. म्हणजे प्रकाशाची पातळी उणे २१ वरून उणे २६ वर घसरली हे कंपनीला ग्राहकाच्या आधी दिसू शकतं. शहाणी कंपनी नेट बंद पडायच्या आधीच माणूस पाठवते. आणि एका इमारतीतले ३० डबे एकदम गप्प झाले, तर तो ३० घरांचा दोष नाही, खालची एक केबल तुटली आहे हेही कळतं. तेव्हा त्या ३० घरांना एकच मेसेज जावा: ‘रस्त्याच्या कामात केबल तुटली आहे, संध्याकाळी सहापर्यंत जोडू.’

एरलांगच्या रांगेचा इथे पुन्हा संबंध येतो. केबल तुटली की ३० जण पाच मिनिटांत फोन करतात. अशा झुंडीपुढे १३ काय, २० माणसंही पुरत नाहीत. एक मेसेज ती झुंडच अडवतो. मात्र सहा म्हटलं तर सहा. सातला ‘काम चालू आहे’ आणि नऊला काहीच नाही, असं झालं तर मेसेज न पाठवलेला बरा, कारण लोकांनी संध्याकाळची ऑनलाइन मीटिंग त्या सहाच्या भरवशावर लावलेली असते. आणि अशा वेळी ‘राउटर बंद करून चालू करा’ असं सांगणारा बॉट म्हणजे जखमेवर मीठ.

ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी याला पैशांची जोड दिली. १ एप्रिल २०२५ पासून, एखाद्या जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडवाल्यांना त्या दिवसांचं भाडं परत आणि प्रीपेडवाल्यांना तेवढी मुदत वाढवून मिळायला हवी. नैसर्गिक आपत्ती याला अपवाद.

मुद्दाम ठेवलेला अडथळा

सगळेच अडथळे काढून टाकणंही धोक्याचं. हरवलेलं सिम पाच मिनिटांत मिळायला लागलं, तर ते चोरालाही पाच मिनिटांत मिळेल, आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातील. म्हणून नवं सिम घेतल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवतात, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. याबद्दल लोक चिडतात, कारण का थांबायचं हे कुणी सांगत नाही. सिम देतानाच दुकानातल्या माणसाने म्हटलं, ‘उद्या या वेळेपर्यंत ओटीपी येणार नाहीत, आज पैसे पाठवायचे असतील तर दुसरी सोय बघा,’ तर निम्मी चिडचिड तिथेच संपते. देशातले साधारण ९० टक्के मोबाइल ग्राहक प्रीपेड आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांचं कस्टमर केअर म्हणजे कोपऱ्यावरचा रिचार्जवालाच. ॲपचा आग्रह धरताना त्याला वगळणाऱ्या कंपन्या आपलाच एक काउंटर बंद करतात.

अडलंच तर

तक्रार नेहमी १९८ वर करावी, तो नि:शुल्क आहे. माहितीसाठीच्या १२१ वर माणसाशी बोलायला काही कंपन्या पैसे आकारतात. १९८ वर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तो एसएमएसने आला का ते बघा. ‘नोंद केली आहे’ या तोंडी शब्दाला पुढे किंमत नाही. बिलाच्या तक्रारीला काही आठवड्यांची मुदत असते, सेवा बंद असल्याच्या तक्रारीला साधारण तीन दिवसांची. तेवढ्यात काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. अपिलाला पैसे लागत नाहीत, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. तिथे सल्ला देणाऱ्या दोघांच्या समितीत एक जण ग्राहक संघटनेचा असतो. ट्राय स्वतः एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे, आणि ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. टेलिफोनच्या तक्रारी तिथे चालतात की नाही हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘चालतात’ असं सांगून मिटवला.

बहुतेकांचं अपील हुकतं ते एका तारखेपायी. तक्रार सोडवायची मुदत संपली की पुढच्या ३० दिवसांत अपील करायचं असतं. ती मुदत मोजायला तक्रार क्रमांकाचा पहिला एसएमएस लागतो. मधे ‘तक्रार निकाली काढली आहे’ असा दुसरा मेसेज आला आणि काम झालेलं नसलं, तरी पहिला पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.